रिकाम्या घरांच्या गावात घराचा तुटवडा: मॅकडॉवेल काउंटीचं प्रकरण

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, अगदी दक्षिण टोकाला मॅकडॉवेल काउंटी आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने जिल्हा, पण लोकसंख्या बघितली तर आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढीच. २०२०च्या जनगणनेत इथे १९,१११ माणसं मोजली गेली. क्षेत्रफळ साधारण १,३८५ चौरस किलोमीटर, सगळा डोंगराळ मुलूख. १९५० साली याच काउंटीत ९८,८८७ माणसं राहत होती. म्हणजे सत्तर वर्षांत पाचातली चार माणसं कमी झाली.

एवढी माणसं गेली तर घरं मुबलक आणि स्वस्त हवीत, असं कुणीही म्हणेल. मुबलक आहेत. २०१०च्या जनगणनेत ११,३२२ घरं होती आणि त्यात राहणारी कुटुंबं ९,१७६. दर पाच घरांमागे जवळपास एक रिकामं. स्वस्तही आहेत. घराची मधली किंमत (निम्मी घरं तिच्याहून स्वस्त, निम्मी महाग) कित्येक वर्षं ४० हजार डॉलरच्या आतबाहेर राहिली, जी अमेरिकेत चांगल्या मोटारगाडीची किंमत झाली. आणि तरीही याच काउंटीत शाळांना शिक्षक मिळत नव्हते, आणि त्याचं एक मोठं कारण होतं राहायला जागा नाही. शिक्षक प्रिन्स्टन, ब्लूफील्ड किंवा पलीकडे व्हर्जिनियातून घाटातल्या वळणावळणांच्या रस्त्याने तासभर गाडी हाकत यायचे आणि दुसरीकडे नोकरी मिळाली की निघून जायचे.

घरं ओस आहेत आणि घर मिळत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हा या प्रकरणाचा प्रश्न. 'कोळसा संपला, गाव बुडालं' हे नेहमीचं उत्तर इथे पुरत नाही. मुळात कोळसा संपलेलाच नाही.

कंपनीचं घर

१८८०मध्ये इथे फक्त ३,०७४ माणसं होती. मग नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वे डोंगर फोडत आली आणि पोकाहाँटस थरातला कोळसा बाहेर पडू लागला. हा साधा जाळायचा कोळसा नव्हे. धूर कमी, गंधक कमी, कोक करायला उत्तम, म्हणून पोलादाच्या भट्ट्यांना हाच हवा असायचा. १९१०पर्यंत लोकसंख्या ४७,८५६ झाली. दक्षिणेतल्या राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबं आली, इटलीतून आणि हंगेरीतून माणसं आली. किंबल गावात पहिल्या महायुद्धातल्या कृष्णवर्णीय सैनिकांचं स्मारकभवन १९२८ साली उभं राहिलं. त्याच वर्षी याच काउंटीतल्या मिनी बकिंगहॅम हार्पर राज्याच्या विधिमंडळात नेमल्या गेल्या. अमेरिकेतल्या कुठल्याही विधिमंडळात बसणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री.

एवढ्या लोकांना घरं बांधून दिली ती खाण कंपन्यांनी. ओढ्याकाठच्या अरुंद पट्टीत रूळ, रस्ता आणि घरांची एक रांग, फार तर दोन. खालच्या अंगाला कंपनीचं दुकान, मॅनेजरचा बंगला चढावर. बहुतेक घरं 'जेनी लिंड' धाटणीची: आत लाकडी सांगाडाच नाही, उभ्या फळ्या शेजारीशेजारी ठोकायच्या आणि फटींवर बारीक पट्ट्या मारायच्या. लवकर होतं, स्वस्तात होतं. खाणीतला कोळसा असेल तितकी वर्षं टिकलं म्हणजे झालं, असा हिशोब. शंभर वर्षांनी त्यात कुणाची तरी पणती राहत असेल, हे बांधणाऱ्याच्या डोक्यात असायचं कारण नव्हतं.

भाडं पगारातून कापलं जायचं. दुकानातला माल कंपनीच्याच टोकनांवर मिळायचा. नोकरी गेली की घर गेलं. संपावर गेलात तर बंदूकधारी माणसं येऊन खाटा-भांडी रस्त्यावर मांडायची. शेजारच्या मिंगो काउंटीतल्या मेटवन गावी १९ मे १९२० रोजी गोळीबार झाला, तो अशाच घरं रिकामी करण्याच्या कारवाईवरून. त्या दिवशी कामगारांच्या बाजूने उभा राहिलेला पोलीसप्रमुख सिड हॅटफिल्ड पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट १९२१ला, वेल्चच्या न्यायालयाच्या पायऱ्यांवर मारला गेला. वेल्च हे मॅकडॉवेलचं मुख्य ठिकाण. त्यानंतर महिनाभरात खाणकामगार आणि मालकांच्या बाजूच्या सशस्त्र माणसांमधली ब्लेअर डोंगराची लढाई पेटली. अमेरिकेच्या कामगार चळवळीतल्या सगळ्यात रक्तरंजित अध्यायांपैकी हा एक, आणि त्याच्या मुळाशी घराचा प्रश्न होता, हे सहसा मागे पडतं.

पुढे, मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर, कंपन्यांनी ही घरं राहणाऱ्यांनाच विकून टाकली. कामगार खूश झाले, आणि का होऊ नयेत? पिढ्यानपिढ्या भाडं भरलेलं घर नावावर झालं. पण कंपनीच्या बाजूनेही बघायला हवं. गळकी छपरं, गंजलेले नळ, ओढ्यात सोडलेलं सांडपाणी ही सगळी जबाबदारी तिने एका सहीत झटकली. जमिनीखालचे खनिजहक्क मात्र बहुतेक ठिकाणी तिच्याकडेच राहिले. माझ्या मते आजच्या घरटंचाईची सुरुवात खाणी बंद पडल्या तिथे शोधण्यापेक्षा या विक्रीत शोधावी.

खाण चालू, माणूस बेकार

१९५०मध्ये खाणकामगारांच्या संघटनेचे नेते जॉन लुइस यांनी मालकांशी करार केला. कामगारांना चांगला पगार, दवाखाने, पेन्शन मिळेल, आणि बदल्यात संघटना यंत्रांना आडकाठी करणार नाही. करार पाळला गेला. सलग कोळसा कापत जाणारी यंत्रं आली आणि दहा वर्षांत काउंटीची लोकसंख्या ७१,३५९वर उतरली.

१९६०च्या प्रचारात जॉन केनेडींनी मॅकडॉवेलचं उदाहरण भाषणात घेतलं. त्यांचं म्हणणं असं होतं, की इथे पूर्वी कधी नव्हे इतका कोळसा निघतोय आणि देशात सगळ्यात जास्त सरकारी धान्याची पाकिटंही इथेच वाटली जातायत, कारण माणसांची कामं यंत्रं करतायत. अध्यक्ष झाल्यावर त्यांचा पहिला आदेश गरिबांच्या शिध्याबद्दलच होता. २९ मे १९६१ रोजी देशातली पहिली प्रायोगिक अन्नकुपनं मॅकडॉवेलमध्ये दिली गेली. पेन्सविलच्या एका बेकार खाणकामगाराचं पंधरा जणांचं कुटुंब होतं, त्यांना ९५ डॉलरची कुपनं मिळाली. कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन ती द्यायला स्वतः आले होते. वेल्चच्या दुकानात त्यावर पहिला घेतला गेला तो घेवडा आणि डुकराच्या मांसाचा डबा. आज कोट्यवधी अमेरिकी लोक ज्या योजनेवर किराणा भरतात तिचा श्रीगणेशा हा असा झाला.

सत्तरच्या दशकात तेलाच्या संकटामुळे कोळशाला भाव आला आणि काउंटी थोडी सावरली. मग पोलाद उद्योग कोसळला. गॅरी हे गाव यू. एस. स्टीलने वसवलेलं, कंपनीच्या अध्यक्षाचंच नाव दिलेलं. भोवतालच्या वस्त्याही क्रमांकांनी ओळखल्या जायच्या, गॅरी क्रमांक अमुक, गॅरी क्रमांक तमुक. १९८२ला तिथलं काम थांबलं, १९८६पर्यंत कंपनीने गाशा गुंडाळला आणि हजाराहून जास्त नोकऱ्या गेल्या. १९८०ला ४९,८९९ असलेली काउंटी १९९०ला ३५,२३३वर आली. नॉर्थफोर्कच्या शाळेने १९७४ ते १९८१ सलग आठ वर्षं बास्केटबॉलचं राज्य अजिंक्यपद जिंकलं होतं. १९८५ला ती शाळाच बंद झाली.

गेलेली माणसं घर विकून गेली नाहीत. विकायला घेणारा लागतो. कुलूप लावलं, किल्ली शेजाऱ्याकडे दिली आणि ओहायो, मिशिगन किंवा कॅरोलायना गाठलं. निवृत्त झालो की परत येऊ असं कित्येकांच्या मनात होतं.

मालक आहे, पण कागद नाही

मॅकडॉवेलमध्ये राहणाऱ्यांपैकी पाचातल्या जवळपास चार कुटुंबांचं घर स्वतःचं आहे. न्यूयॉर्क किंवा सॅन फ्रान्सिस्कोत हे प्रमाण स्वप्नातही दिसणार नाही. कागदावर बघितलं तर हा घरमालकांचा स्वर्ग.

पण यातली अनेक घरं आजोबांच्या नावावर आहेत. आजोबा गेले, मृत्युपत्र नव्हतं. सहा मुलं, त्यातली चार राज्याबाहेर. त्यातली दोन वारली, त्यांची मुलं कुठे आहेत पत्ता नाही. घरात राहते ती एक नात. आपल्याकडे सामाईक सातबाऱ्यावर चुलत्या-आत्यांची नावं लागून तो जसा लोंबकळत राहतो, तसंच. नात घरपट्टी भरते, छप्पर डागडुजी करते, पण मालकीचा स्वच्छ कागद तिच्या हातात नसतो. आणि कागद नसला की पुढचं सगळंच अडतं. बँक कर्ज देत नाही. केंद्र सरकारच्या ग्रामीण विकास खात्याची दुरुस्ती योजना आहे, बासष्टच्या पुढच्या गरीब घरमालकांना १० हजार डॉलरपर्यंत अनुदान आणि बाकीच्यांना एक टक्का व्याजाने कर्ज, पण तिथेही मालकी दाखवावी लागते. पुरानंतरच्या मदतीतही बरीच वर्षं हाच अडसर होता. २०२१मध्ये केंद्रीय आपत्ती विभागाने नियम सैल केले आणि अशा कुटुंबांना स्वतः लिहून दिलेलं निवेदन चालेल असं ठरवलं.

वकील लावून सगळे वारस शोधून कागद साफ करता येतो. पण घराची किंमतच जिथे वीस-तीस हजार डॉलर, तिथे त्यातला मोठा हिस्सा वकिलाला द्यायला कोण धजावेल?

रिकाम्या घरांचं गणित हेच, फक्त त्यात नातही नाही. पाडायचं तर परवानगी द्यायला वारस सापडत नाहीत. सापडले तर पाडण्याचा खर्च घराच्या किमतीच्या वर जातो, त्यात जुन्या घरात अ‍ॅस्बेस्टॉस निघालं की आणखी वाढतो. वेस्ट व्हर्जिनियाने २०२१मध्ये पडीक घरं पाडण्याचा कायदा करून त्यासाठी स्वतंत्र कार्यक्रम उभा केला, तो याच कोंडीमुळे.

नवं का बांधत नाहीत

साधं नवं घर बांधायला लाख डॉलरच्या बऱ्याच वर खर्च येतो. ते उभं राहिलं की मूल्यांकन करणारा येतो, आजूबाजूची विक्री चाळीस हजारांची बघतो आणि त्याच्या आसपास आकडा टाकतो. बँक त्या आकड्यावर कर्ज देते. मधला खड्डा बांधणाऱ्याने स्वतःच्या खिशातून भरायचा. म्हणजे इथे घर बांधणं ही पहिल्याच दिवशी तोट्याची गुंतवणूक. मग उरतं ते कारखान्यात तयार होऊन ट्रकवरून येणारं घर, ज्याची किंमत गाडीसारखी दरवर्षी उतरते.

दुसरी अडचण जमिनीची. 'एवढा मोकळा डोंगर पडलाय' असं बाहेरच्याला वाटतं. सपाट जागा ओढ्याकाठीच, आणि उरलेला डोंगर बहुतेक बाहेरच्या कंपन्यांचा. २०१३च्या एका अहवालाने राज्याच्या जमिनीच्या मालकीचा हिशोब मांडला, त्यात मॅकडॉवेल अशा सहा काउंट्यांपैकी एक निघाली जिथे पहिल्या दहा मालकांकडे निम्म्याहून जास्त खाजगी जमीन आहे. या मालकांना चार घरांचे प्लॉट पाडून विकण्यात रस नाही. लाकूड आणि कोळसा राखून ठेवला की त्यांचं भागतं.

आणि ओढ्याकाठी पाणी येतं. टग फोर्क आणि एल्कहॉर्न या प्रवाहांनी जुलै २००१मध्ये काउंटी धुऊन काढली, लोक चिखल उपसत असतानाच मे २००२मध्ये परत. फेब्रुवारी २०२५मध्ये पुन्हा मोठा पूर आला. दर पुरानंतर सरकार काही घरं विकत घेऊन पाडतं, काही उंच जोत्यावर चढवतं. केंद्राच्या पैशातून घेतलेली जागा कायमची मोकळी ठेवायची अट असते. अट योग्यच आहे, पण परिणाम असा की मुळातच मूठभर असलेली सपाट जागा दर पुरागणिक आणखी कमी होते.

पाण्याचंही तसंच. नळयोजना कंपन्यांच्या काळातल्या. कीस्टोन गावातल्या लोकांना जवळपास दहा वर्षं पाणी उकळूनच प्या अशी सूचना लागू होती, नवी योजना आली तेव्हा कुठे ती उठली. सांडपाण्याचा तर अनेक वस्त्यांत विषयच नाही, घरातला पाइप थेट ओढ्यात. गंमत म्हणजे त्याच एल्कहॉर्नमध्ये ट्राउट मासे उत्तम पोसले जातात आणि गळ टाकायला लांबून हौशी लोक येतात.

पैसा कुठून येतो

२०००च्या जनगणनेत मधलं कौटुंबिक उत्पन्न वर्षाला १६,९३१ डॉलर होतं आणि दारिद्र्यरेषेखाली ३७.७ टक्के लोक. २०१४च्या सुमाराला काउंटीतल्या एकूण उत्पन्नापैकी जवळपास निम्मं केंद्र सरकारकडून येत होतं: पेन्शन, अपंगत्वभत्ता, अन्नकुपनं. कोळशाच्या धुळीने काळी पडलेली फुप्फुसं, मोडलेली कंबर, मग वेदनाशामक गोळ्या, मग त्यांचं व्यसन, या साखळीने दोन पिढ्या खाल्ल्या. २०१०च्या सुमाराच्या हिशोबात पुरुषांचं सरासरी आयुर्मान ६४ वर्षांच्या आत होतं. शेजारच्याच राज्यात, वॉशिंग्टनला लागून असलेल्या फेअरफॅक्स काउंटीत तेच ८२च्या जवळ. शाळेतली जवळपास निम्मी मुलं जन्मदात्या आईबापांजवळ राहत नव्हती, आजी-आजोबांकडे वाढत होती. म्हणजे आजीच्या पेन्शनवर घर चालतं आणि आजी गेली की पेन्शनही जाते, घराच्या कागदाचा घोळही वाढतो.

किंबलला २००५मध्ये वॉलमार्टचं मोठं दुकान आलं आणि जानेवारी २०१६मध्ये, देशभर दीडशेवर दुकानं बंद करताना, कंपनीने तेही बंद केलं. नोकऱ्या तर गेल्याच, पण गरिबांना अन्नवाटप करणाऱ्या स्थानिक संस्थेला तिथून मिळणारा उरलेला मालही थांबला. ताज्या भाजीसाठी अनेकांना आणखी लांब जावं लागू लागलं. २०१०मध्ये केंद्रीय तुरुंग सुरू झाला. जनगणना कैद्यांना तुरुंगाच्याच पत्त्यावर मोजते, तेव्हा वरच्या १९,१११मध्ये हजारावर माणसं अशी आहेत जी आपणहून इथे राहायला आलेली नाहीत. घसरण आकड्यात दिसते त्याहून जास्त आहे ती अशी.

कोळसा मात्र निघतोच आहे, पोलादाचा कोळसा असल्याने वीजनिर्मितीतल्या घसरणीचा फटकाही त्याला कमी. मालगाड्या नॉरफोक बंदराकडे जातात. भारत आपल्या पोलादासाठी लागणारा बराचसा कोकिंग कोळसा आयात करतो आणि अमेरिका त्यातली एक मोठी पुरवठादार, त्यामुळे या भागातल्या खाणींचं भवितव्य थोडंफार आपल्याकडच्या भट्ट्यांवरही अवलंबून आहे. पण या कोळशावरच्या ५ टक्के करापैकी ४.६५ टक्के राज्याच्या तिजोरीत जातात. ०.३५ टक्के स्थानिक संस्थांसाठी, त्यातलाही चौथा हिस्सा राज्यातल्या सगळ्याच काउंट्या आणि गावांमध्ये वाटला जातो, तिथे कोळसा असो वा नसो. अलीकडे खाणवाल्या काउंट्यांना थोडी भर मिळाली आहे, तरी मुख्य वाटणी हीच. सांडपाण्याची योजना यातून होणार नाही हे कळायला अर्थतज्ज्ञ व्हायला नको.

काय करून पाहिलं

राज्य सरकारने २००१मध्ये इथल्या शाळा ताब्यात घेतल्या, २०१३मध्ये परत दिल्या. दरम्यान शिक्षक संघटनेने २०११च्या अखेरीस 'रीकनेक्टिंग मॅकडॉवेल' हा उपक्रम सुरू केला. शाळा सुधारायला आलेल्या या लोकांना फार लवकर घराशी येऊन थांबावं लागलं. मग वेल्चमध्ये जुन्या दुकानांच्या जागी शिक्षकांसाठी भाड्याची इमारत, 'रेनेसान्स व्हिलेज', ठरली. ठरल्यापासून उभी राहायला दशकाच्या आसपास वेळ गेला. पैसा संघटना, राज्य, केंद्र असा ठिकठिकाणाहून गोळा करावा लागला, कारण वर सांगितलेलं मूल्यांकनाचं गणित चांगल्या हेतूंनाही सवलत देत नाही. एका इमारतीने काउंटी फिरत नाही, पण बाजारभावाने इथे काहीच उभं राहणार नाही हे या प्रकल्पाने स्वच्छ दाखवलं.

दुसरा प्रयोग हॅटफिल्ड-मॅकॉय ट्रेल्स. राज्याने १९९६मध्ये कायद्याने प्राधिकरण केलं, २०००पासून जंगलातल्या जुन्या खाणरस्त्यांवर एटीव्ही, म्हणजे खडबडीत वाटांवर चालणाऱ्या छोट्या चारचाकी गाड्या, धावू लागल्या. जमीनमालक कंपन्यांनी वाट दिली, अपघाताची जबाबदारी प्राधिकरणाने घेतली. चिखलाने माखलेले लोक एटीव्ही थेट पेट्रोल पंपावर आणतात, गावातल्या हॉटेलात जेवतात. गॅरी-नॉर्थफोर्क भागातली काही जुनी खाणघरं डागडुजी होऊन पर्यटकांना दिली जातात. घर वाचतं, मालकाला चार पैसे मिळतात. पण जे मोजकं घर राहण्याजोगं आहे तेच शनिवार-रविवारच्या भाड्याला जातं, आणि वर्षभर राहू पाहणाऱ्या नर्सला किंवा शिक्षकाला पुन्हा 'जागा नाही' ऐकावं लागतं. मुख्य ठिकाणाला जोडणारा चौपदरी महामार्ग कित्येक दशकं कागदावर आणि तुकड्यातुकड्यांत आहे, त्याबद्दल बोलण्यासारखं फारसं नाही.

मला विचाराल तर पुढचा डॉलर नव्या इमारतीत घालण्याआधी कागदात घालावा. काउंटीने पगारी वकील ठेवून वारसांचे दावे फुकट निकाली काढले, तर त्याच घरांना दुरुस्तीचं अनुदान, पूरमदत, जोतं उंच करण्याचा निधी सगळं लागू होतं. हा पैसा आजही योजनांमध्ये आहे, फक्त अर्जावर मालक म्हणून सही करणारा सापडत नाही. शिवाय राहत्या घराची दुरुस्ती काही हजारांत भागते आणि तिला मूल्यांकन करणाऱ्याच्या आकड्याची वाट बघावी लागत नाही. यावर आक्षेप असा घेतला जातो, की पूररेषेतली घरं दुरुस्त करून माणसांना धोक्यातच ठेवायचं का? रास्त आहे. पण पूररेषेच्या वर हलायचं तर तिथली जमीन दहा मोठ्या मालकांकडे आहे, आणि त्यांच्याकडून वस्तीसाठी डोंगराचा एखादा सपाट केलेला तुकडा, जुन्या उघड्या खाणीची जागा, रास्त भावात मिळवणं हे काम एकट्या वेल्चच्या न्यायालयातल्या तीन निवडून आलेल्या काउंटी आयुक्तांच्या आवाक्यातलं नाही. ते राज्याला, म्हणजे ४.६५ टक्के घेणाऱ्यालाच करावं लागेल.